जावयाची चाकं

ड्रायव्हरच्या ट्रकची मागची चाकं मिठानं खाल्ली. टायर फाटला असता तर चार शिव्या हासडून त्यानं ठिगळ लावलं असतं, तसे कितीतरी टायर त्यानं ठिगळांवर चालवले होते. पण गेल्या होत्या त्या टायरच्या आतल्या लोखंडी डिस्का. सगळं आयुष्य त्या ट्रकनं मिठागरातून मीठ वाहिलं. ओल्या मिठाचं पाणी फळ्यांतून गळायचं, चाकांवर ठिबकायचं आणि तिथंच वाळायचं. लोखंडाला आधी फोड आले, मग पापुद्रे सुटले. एका सकाळी ड्रायव्हरनं सहज म्हणून हातोडी मारून पाहिली, तर हातोडीचं तोंड आत गेलं आणि तिथंच अडकून बसलं.

तो खाली बसला तो उठेचना. त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा तो त्या अडकलेल्या हातोडीकडे बघत होता.

त्याच्या बायकोला सगळं मिठागर ड्रायव्हरीण म्हणायचं. तिनं जन्मात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता, तरी मास्तरची मास्तरीण तशी ड्रायव्हरची ड्रायव्हरीण. अंगानं ती चांगली भरलेली, आणि नवरा काडीसारखा. चाकाचे नट आवळायचे म्हटलं की पान्याला लांब पाइप लावून तो तिला हाक मारायचा, आणि ती पाइपवर चढून उभी राहायची. लग्न झाल्यापासून हेच चालत आलेलं. बाकीच्या बाया हसायच्या, म्हणायच्या, ड्रायव्हरनं बायको वजन करून आणलीय. तीही हसायची. पण कोणी परका माणूस रस्त्यानं जात असला की पाइपवरून पटकन खाली उतरायची.

दिवस वाईट होते. हवा बदलायला लागली होती. सगळ्या हंगामाचं मीठ बांधांवर राशी घालून पडलं होतं, आणि आभाळ फिरायच्या आत ते पत्र्याच्या कोठारात जायला हवं होतं. बांधांपासून कोठारापर्यंतची वाट लांबलचक. ट्रक उभा राहिला म्हणून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन ती वाट तुडवत होत्या. ड्रायव्हरीणही त्यांच्यात होती. मिठाचं पाणी चुंबळीतून कपाळावर उतरायचं, डोळ्यांत जायचं, आणि दोन्ही हात टोपलीला लागलेले असल्यानं ते पुसता यायचं नाही. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की बाया एकमेकींची थट्टा करत चालायच्या. थट्टा बंद पडली की पाय जास्त दुखायचे.

मुकादम एकदा ट्रकजवळ येऊन उभा राहिला. फार बोलला नाही. पलीकडच्या मिठागराचा एक नवा ट्रक मोकळा आहे, एवढंच म्हणाला, आणि एकदा तो आला की मग दोन ट्रकांना इथं काम नाही, हे त्यानं न बोलता सांगितलं.

ड्रायव्हरनं तशा डिस्का शोधल्या. पण तो ट्रक बनवायचं बंद होऊन जमाना झाला होता. ज्यांच्याकडे तसले ट्रक होते त्यांनी ते कधीच तोडून विकले होते.

त्यातच लेकीचा निरोप आला. ती येत होती, आणि जावईही येत होता.

हा निरोप ऐकून ड्रायव्हरीण चुलीपुढे बसून रडली. दोन वर्षांत लेक माहेरी आली नव्हती. जावई शहरात शिंपीकाम करायचा. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं सासऱ्यासाठी सदरा शिवून आणला होता. माप घेतलेलं नव्हतं. लग्नात पाहिलेल्या माणसावरून अंदाजानं शिवलेला. घरात चार माणसं जमलेली असताना ड्रायव्हरनं तो अंगात घातला. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. ड्रायव्हरनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, शेतात उभं राहायला बरा आहे, पाखरं तरी येणार नाहीत. सगळे पोट धरून हसले. हसली ड्रायव्हरीणसुद्धा. जावयानं हातातला कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि तो निघाला. त्याच्यामागं लेक. ती उंबऱ्यात थांबली, आईकडे पाहिलं, आणि गेली. त्यानंतर नुसते निरोप यायचे. बरी आहे. घर बदललं. नवी मशीन घेतली.

तेव्हा आता निरोप आला त्या संध्याकाळीच ड्रायव्हरणीनं नवऱ्याला समोर बसवलं. या वेळी तो काहीही घेऊन आला, अगदी फुटका माठ जरी आणला, तरी चांगला म्हणायचं. तोंडातून वेडावाकडा शब्द जाता कामा नये. लेक पुन्हा गेली तर मग ती थेट आपल्या मयतालाच येईल, असं ती म्हणाली. ड्रायव्हरनं मान हलवली. त्यालाही त्या सदऱ्याचं मनात होतंच, पण बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता.

जावई आला तो एका टेम्पोतून. मागे दोन मोठी चाकं उभी करून दोरानं बांधलेली, टायरसकट. डिस्कांना चंदेरी रंग दिलेला. उन्हात ती अशी चमकत होती की शेजारपाजारची माणसं बाहेर आली. लेक टेम्पोतून उडी मारूनच उतरली. तिच्या अंगावर चांगलं मांस आलं होतं, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की आईला ती लहानपणीची दिसली.

डिस्का गेल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं होतं, आणि तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. जावई दोन आठवडे भंगारबाजारात हिंडला. त्यानं टायरचा आकार टेप लावून मोजला. भोकं मोजली.

“मीच सांगितलं त्यांना, सहा बोल्ट आहेत म्हणून,” लेक म्हणाली. “लहानपणी बाबांचे नट डब्यात मोजून मीच ठेवायचे ना.”

ड्रायव्हर चाकाजवळ गेला. त्यानं भोकांवरून बोट फिरवलं. ड्रायव्हरीण त्याच्या बोटाकडे पाहत होती, आणि ते बोट एका भोकावर थांबलं तेव्हाच तिला कळलं. भोकं सहाच होती. पण ती फार बाहेर होती. ट्रकच्या हबवरचे, म्हणजे चाक जिथं बसतं त्या लोखंडी गाभ्यावरचे सहा बोल्ट जवळजवळ उभे, ही भोकं पसरून बसलेली. इतकी वर्षं त्या पाइपवर उभी राहून तिनं ते बोल्ट पाहिले होते. तिला माप घ्यायची गरज नव्हती.

जावई सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बारीक, लाजरा माणूस, बोटांवर सुईचे काळे ठिपके. “नाही बसली तर सांगा, बाबा,” तो म्हणाला. “भंगारवाला बदलून देतो म्हणालाय. त्याच्याकडे ढीग पडलाय. उद्याच्या उद्या बदलून आणतो.”

तिथं, त्या क्षणी, एक शब्द पुरला असता.

ड्रायव्हरनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान अगदी थोडी हलवली. नको.

“बसतील की,” ड्रायव्हर म्हणाला. “न बसायला काय झालं. एक नंबर चाकं आहेत.”

लेकीनं सुटकेचा श्वास टाकला, तो सगळ्यांना ऐकू आला. शेजारची मावशी म्हणाली, जावई मिळावा तर असा. ही मावशी मिठागरावरची सगळ्यांत जुनी बाई, फावडं मारून मारून तिचे खांदे पुरुषासारखे झाले होते. तिनं चाकाला हात लावून पाहिला आणि हाताला लागलेला रंग पदराला पुसला. जावई लाजून खाली बघत राहिला.

जेवण झाल्यावर लेक नवऱ्याला मिठागर दाखवायला घेऊन गेली. तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं जॅक लावून जुनं चाक उतरवलं आणि नवं लावून बघितलं. वरची दोन भोकं बोल्टांवर आणली की खालची सरकायची, खालची बसवली की वरची. सगळीकडे अंगठ्याएवढा फरक. चाक हबवर टेकायलाच तयार नव्हतं. त्यानं ते पुन्हा जमिनीवर ठेवलं.

“परत देऊ या,” तो म्हणाला. “मी सांगतो त्याला नीट. हसत नाही.”

“नको.”

“अगं, तो स्वतःच म्हणाला ना बदलून आणतो.”

“तोंडानं म्हणाला. आत काय म्हणाला ते तुम्हाला दिसलं का? सगळी आळी बघत होती. उद्या चाकं परत टेम्पोत चढवली की आळी काय म्हणेल? शिंप्यानं पुन्हा माप चुकवलं. हेच म्हणेल ना?”

आळी हेच म्हणाली असती, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं.

तो दोन्ही चाकं हातगाडीवर घालून वेल्डरकडे गेला. वेल्डर त्याचा जुना दोस्त, दोघं एकत्र वाढलेले. वेल्डरनं सांगितलं की अशी वेगळ्या भोकांची चाकं बसवायची तर मध्ये एक जाड लोखंडी ताट घालावं लागतं. त्या ताटाला बोल्टांची दोन वर्तुळं, आतल्या वर्तुळानं ट्रकला धरायचं, बाहेरच्यानं चाकाला. पण ते ताट शहरात लेथवर कातून यायला हवं, आणि त्याला आठवडा जाईल. नाहीतर ट्रकचा हबच बदलायचा, आणि तसला हब आणायचा कुठून. आठवडाभर ट्रक उभा राहिला तर जावई विचारणार, का उभा आहे. ड्रायव्हर म्हणाला, तू भोकं आतल्या बाजूनं लांबव. वेल्डरनं त्याच्याकडे असं पाहिलं की ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. लांबवलेल्या भोकात बोल्टला आधार राहत नाही, नटाखाली वायसर जाड घातला तरी ओझं सगळं नटावर येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी वेल्डरनं गॅसकटर पेटवला. मी कापलं म्हणून कुठे बोलू नकोस, एवढंच तो म्हणाला.

भोकांच्या कडा वितळून ओबडधोबड झाल्या होत्या. घरी ड्रायव्हरनं गोल कानस घेऊन त्या घासल्या, आणि ड्रायव्हरणीनं चाक हलू नये म्हणून ते मांड्यांत धरून ठेवलं. लोखंडाचा कीस तिच्या घामाला चिकटत होता. दोघंही बोलत नव्हती. चोरी करताना बोलत नाहीत, तसं. मग जाड वायसर घातले, नट फिरवले, पाइप लावला, आणि ती पाइपवर चढली. एरवी नट पक्का बसला की पाइप एकदम थांबायचा आणि तिच्या पोटऱ्यांना झटका बसायचा. या वेळी तो झटका आलाच नाही. पाइप सावकाश, नरमपणे खाली जात राहिला.

वायसरांच्या कडेनं लांबवलेल्या भोकांची टोकं दिसत होती, चंदेरी रंगात काळी. तिनं दोन मुठी चिखल आणला आणि चाकांवर थापला.

जावई परत आला तेव्हा चाकं लागलेली पाहून त्याला काय करावं ते सुचेना. तो ट्रकला एक फेरी मारून आला. मग खिशातला रुमाल काढून चाकावरचा चिखल पुसायला वाकला.

“राहू द्या हो,” ड्रायव्हरीण घाईनं म्हणाली. “उद्या पुन्हा मळणारच आहेत.”

त्यानं रुमाल खिशात ठेवला. लेकीनं आईकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून ट्रक धावू लागला. बाया खूश. भरून झालं की त्या मिठाच्या राशीवर चढून बसायच्या, कोठारापर्यंत पाय वाचायचे. जावई परत जाणार होता तो राहिला, म्हणाला, काम संपेपर्यंत हातभार लावतो. त्याला फावडं धरता येत नव्हतं, हाताला फोड आले, आणि फोडांत मीठ गेलं. तरी तो हटला नाही. बाया त्याची फिरकी घ्यायच्या, म्हणायच्या, जावईबापू, टोपलीला अस्तर लावून द्या, टोचतेय. तोही हसून सांगायचा, टोपली ठेवून जा, उद्या घेऊन जा. ड्रायव्हरसुद्धा त्याला शेजारी बसवून फेरी मारायचा, आणि गिअर कसा टाकायचा ते दाखवायचा. लेक दुपारी सगळ्यांची जेवणं घेऊन यायची. ड्रायव्हरीण टोपलीखालून त्या तिघांना एकत्र बसलेलं बघायची. हेच तर हवं होतं. मग ट्रक सुटायचा, मागची चाकं किंचित डुगडुगत जायची, आणि ती दुसरीकडे बघायची.

रोज संध्याकाळी नट सैल झालेले असायचे. जावई आंघोळीला गेला की ती पाइपवर चढायची, आणि मग नवा चिखल थापायची. एकदा नवरा हलक्या आवाजात म्हणाला, आज एक बोल्ट वाकलेला दिसला. ती म्हणाली, थोडेच दिवस राहिलेत, राशी संपत आल्या.

राशी संपत आल्या होत्या हे खरं. शेवटच्या दोन उरल्या तेव्हा हे घडलं.

ट्रक भरून निघाला होता. वर मावशी आणि आणखी तीन बाया. ड्रायव्हरीण मागं बांधावर राहून रास उकरत होती, जावई तिच्याजवळच होता. तिला काहीतरी तुटल्याचा आवाज आला, सुकं लाकूड मोडावं तसा. तिनं वर पाहिलं. ट्रकच्या बाजूनं एक चाक बाहेर आलं आणि ट्रकच्या पुढे धावू लागलं, जणू त्यालाच कोठारात आधी पोचायचं होतं. क्षणभर ते इतकं विचित्र दिसलं की कुणी तरी हसलंदेखील. मग ट्रक मागच्या एका अंगानं खाली बसला, फळ्या कडकडल्या, आणि मिठाची सगळी रास घसरून बांधाखालच्या खाऱ्या पाण्यात गेली. तिच्याबरोबर बाया गेल्या.

सगळे धावले. ड्रायव्हरीणही धावली.

पण ती बायांकडे धावली नाही. हे तिला पुढे जन्मभर आठवत राहिलं. दोन बाया पाण्यातून उठून उभ्या राहत होत्या, एक रडत होती, मावशी बांधाच्या दगडांवर आडवी पडली होती आणि तिचा एक खांदा भलतीकडे गेलेला होता. मावशीनं हात पुढे केला. ड्रायव्हरीण त्या हाताच्या बाजूनं पुढे गेली. ती चाकाकडे धावली. चाक बांधाच्या कडेला आडवं पडलं होतं, आणि आपटून त्याच्यावरचा सगळा चिखल झडला होता. सहा लांब, काळी भोकं उघडी पडली होती. तिनं गुडघे टेकले आणि चाक पाण्यात ढकलायला जोर लावला. ते हललं, कडेवर आलं.

“आई, राहू द्या.”

जावई तिच्या मागोमाग आला होता. त्यानं खाली वाकून चाक थोपवलं. त्याच्या डोळ्यांपुढेच ती भोकं होती. त्यानं एका भोकात बोट घातलं आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. कानशीच्या खुणा बोटाला लागल्या असणार. मग त्यानं मान वर करून सासूकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला खाली बघता आलं असतं.

तोपर्यंत मुकादम येऊन पोचला. मावशीला दोघांनी उचललं, तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ड्रायव्हर केबिनमधून उतरून ट्रकला पाठ टेकून उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. मुकादमानं चाक पाहिलं. त्यालाही भोकं दिसली.

“ही चाकं आणली कोणी?”

“मी,” जावई म्हणाला.

“अशी? भोकं कापलेली?”

जावयानं एकदाच सासऱ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर आपल्या पायांकडे बघत होता.

“हो,” जावई म्हणाला. “भंगारातून घेतली. मला काही कळत नाही त्यातलं.”

मग मुकादमाच्या तोंडाला खीळ राहिली नाही. चार बायांच्या जिवाशी खेळलास, म्हणाला. सुई चालवणाऱ्यानं सुई चालवावी. बायाही तुटून पडल्या, काल ज्या अस्तराची थट्टा करत होत्या त्याच. जावई ऐकत उभा राहिला, दोन्ही हात पुढे बांधून, कपड्याचं माप देणाऱ्या माणसासारखा ताठ. खरं काय ते ड्रायव्हरणीनं सांगितलं नाही. नवऱ्यानंही नाही. आणि मागं, जेवणाची टोपली हातात धरून, लेक उभी होती आणि आपल्या नवऱ्याला लोकांनी काय काय म्हटलं ते सगळं ऐकत होती.

संध्याकाळी ड्रायव्हरीण मावशीकडे गेली. मावशीचा खांदा बांधला होता, ती भिंतीला टेकून बसली होती, आणि सून तिला घोट घोट पाणी पाजत होती. सून आत गेल्यावर ड्रायव्हरणीनं मावशीच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. वेल्डर, कानस, चिखल, सगळं. मावशीनं पुढे केलेल्या हाताच्या बाजूनं आपण निघून गेलो तेही सांगितलं.

मावशीनं डोळे मिटले होते. ड्रायव्हरणीला वाटलं, आता ही बोलेल, शिव्या देईल, आणि मग बरं वाटेल.

“चाक डुगडुगताना मी पाहिलं होतं,” मावशी म्हणाली. “वर चढताना रोज दिसायचं. म्हटलं, जावयानं आणलेली चाकं, आपण कशाला बोला. तुला वाईट वाटलं असतं.”

ड्रायव्हरीण उठली तेव्हा मावशीनं तिला जपून जा म्हटलं.

घरी लेक कपडे भरत होती. सकाळच्या गाडीनं ती दोघं निघणार होती. बाप ओसरीत बसलेला, त्याच्याशी ती बोलली नाही आणि आईशीही नाही. तिला सगळं कळलं होतं. चाकावर रोज चिखल थापणारी आई तिनं पाहिली होती, फक्त त्याचा अर्थ आता लागला होता. जावई अंगणात हातपाय धूत होता. ड्रायव्हरीण पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ गेली. तुम्ही का अंगावर घेतलंत, तिनं विचारलं, आणि विचारताना तिची मान वर होईना.

“दुसरं काय करणार? बाबांना इथंच राहायचंय. मी उद्या जाणार.” त्यानं तांब्या घेतला, पण पाणी ओतलं नाही. “सदरा आखूड झाला होता, आई. बाबा सगळ्यांसमोर हसले. मला झोंबलं, मी गेलो. पण तो आखूड होताच. या वेळी तुम्ही दोघं माझ्याशी किती गोड बोललात. मी रात्री हिला म्हणायचो, बघ, आता मी त्यांच्या घरातला झालो.”

हातावरच्या फोडांवर त्यानं सावकाश पाणी सोडलं.

सकाळी गाडी सुटली. लेकीनं खिडकीतून हात हलवला नाही. जावयानं हलवला, आणि तो हात बघणं ड्रायव्हरणीला जड गेलं.

तिथूनच ती थेट मिठागरावर गेली. शेवटच्या दोन राशी उरल्या होत्या आणि ट्रक बांधावर एका अंगानं बसलेला, त्यामुळे सगळ्या बाया टोपल्या घेऊन जमल्या होत्या. मुकादम काम वाटून देत होता. ड्रायव्हरही आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बायांच्या रांगेत टोपली घेतली होती, रांगेच्या अगदी शेवटी, डोक्यावर चुंबळ धड बसत नव्हती.

ड्रायव्हरीण मुकादमासमोर उभी राहिली. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

“जावयाचा काही दोष नाही,” ती म्हणाली. “चाकं चांगली होती, पण बसत नव्हती. तो बदलून आणणार होता. आम्ही नाही म्हटलं. भोकं आम्ही कापून घेतली. कानशीनं घासली मी आणि यांनी. वरून चिखल लावला तो मी.”

मुकादमानं तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा मऊ झाला.

“बरं, बरं,” तो म्हणाला. “कळतं मला. लेकीचा संसार आहे. तो स्वतः काल सगळ्यांसमोर कबूल झालाय, आता तुम्ही कशाला ओढून घेता?”

“ओढून घेत नाही. खरं सांगते.”

“हो हो.”

“सासू असावी तर अशी,” रांगेतली एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, माझ्या आईनं माझ्या नवऱ्यासाठी एवढं कधी केलं नसतं. एकीनं पुढे होऊन तिच्या पाठीवर हात फिरवला. जावयानं मातीत घातलं आणि ही त्याला पदराखाली घेतेय, असं कुणीतरी मागं बोललं, आणि तीन-चार जणींनी हुंकार भरला.

ड्रायव्हरीण पुन्हा बोलायला गेली. आवाज फुटला, पण तिला तो आपला वाटला नाही. जितकं बोलावं तितक्या बायांच्या नजरा ओल्या होत होत्या. तिनं रांगेच्या शेवटाकडे पाहिलं. तिचा नवरा ऐकत होता. त्याचे ओठ हलले. मग त्यानं खाली वाकून आपली टोपली मिठानं भरायला सुरुवात केली, हातांनीच, फावडं न घेता.

मुकादमानं टाळी वाजवली, चला म्हणाला, आभाळ थांबायचं नाही. ड्रायव्हरणीनं टोपली भरली आणि डोक्यावर घेतली. ती रांगेत मागं जाऊन उभी राहणार होती. पण बाया बाजूला झाल्या होत्या. ट्रकच्या कडेनं उरलेली बांधाची वाट चिंचोळी, एका वेळी एकीनंच जायची, आणि त्यांनी ती तिच्यासाठी मोकळी करून दिली होती.

“तुम्ही पुढे व्हा, ड्रायव्हरीणबाई,” त्या म्हणाल्या.

ती पुढे झाली. मिठाचं पाणी चुंबळीतून कपाळावर उतरलं आणि डोळ्यांत गेलं. मागून सगळ्या चालत होत्या, आणि दबक्या आवाजात, मायेनं, तिच्याबद्दलच बोलत होत्या.